बाबूजींना काय द्यावे?

ज्याने आयुष्यभर मालाची पारख केली, भाव केले, घेतले आणि विकले, त्या माणसासाठी एखादी वस्तू निवडणे हे अवघड काम होय. व्यापारी घरातील वडिलांच्या हाती वाढदिवसाची पेटी ठेवली की पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो, “केवढ्याला पडले?” किंमत ऐकल्यावर दुसरा प्रश्नही ठरलेलाच, “याची काय गरज होती?” मग ती वस्तू कपाटात जाते आणि पुढे एखाद्या लग्नात वेष्टणासह आहेर म्हणून रवाना होते. मुले हिरमुसतात. वडिलांना मात्र त्यात काही वावगे वाटत नाही. न लागणारा माल गोदामात पडू देऊ नये, हा त्यांचा साधा हिशेब असतो.

अशा वडिलांना काय द्यावे, हा प्रश्न वरवर लहान दिसतो. नीट विचार केला तर त्यातून घराचे पुष्कळ काही उलगडते.

नगर जिल्ह्यातील तालुक्याच्या गावचे एक घर डोळ्यांसमोर आणावे. मार्केट यार्डात भुसार मालाची आडत, पन्नास वर्षांची गादी. घरातील ज्येष्ठ, ज्यांना सारे गाव बाबूजी म्हणते, यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण करणार. थोरला मुलगा दुकानात, धाकटा पुण्यात स्वतःच्या व्यवसायात, मुलगी जालन्यास दिलेली. पत्नीला जाऊन सहा वर्षे झालेली.

अडचण तारखेपासूनच सुरू होते. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. त्या पिढीतील असंख्य मुलांचा जन्म गुरुजींनी याच तारखेला नोंदविला, कारण शाळा जूनमध्ये सुरू होई आणि वय पूर्ण झालेले दाखवावे लागे. १ जूनला पुण्याहून नातवाने शुभेच्छांचा फोन केला, तेव्हा बाबूजी हसून म्हणाले, “हा गुरुजींचा वाढदिवस. माझा नागपंचमीला. त्या दिवशी वाड्यातल्या लिंबाला झोका बांधला होता, असे माझी आई सांगायची.” अशा रीतीने मुलांना तयारीसाठी दोन महिने मिळाले.

तिघा भावंडांत फोनवर बोलणी सुरू झाली. धाकट्याच्या मनात युरोपची सहल होती. शाकाहारी, जैन भोजनाची सोय असलेल्या सहली आता सहज मिळतात, हा त्याचा युक्तिवाद. थोरल्याला वाटे, पाच तोळ्यांची साखळी करावी. सोने केव्हाही सोनेच. मुलीने जालन्याच्या पेढीवर रेशमी कुर्ता आणि बंडी पाहून ठेवली होती. तिन्ही सूचना प्रेमाच्या होत्या आणि तिन्ही चुकीच्या होत्या. ते घरात एकाच व्यक्तीला ठाऊक होते. थोरली सून रोज सकाळी बाबूजींना नवकारसीचे पाणी देई आणि त्यांच्या उशाशी असलेली एक छोटी वही तिने पुष्कळदा पाहिली होती.

वहीतील मर्यादा

ती वही हिशेबाची होती, पण दुकानाच्या नव्हे. श्रावकाच्या बारा व्रतांपैकी पाचवे परिग्रह परिमाणाचे, सहावे दिशा परिमाणाचे आणि सातवे उपभोग-परिभोग परिमाणाचे. रोजच्या जीवनात त्यांना जोड देणारे चौदा नियम आपल्याकडे अनेक घरांत आजही धारले जातात. दिवसभरात किती द्रव्ये खावयाची, किती वस्त्रे वापरावयाची, पादत्राणांचे किती जोड, वाहने किती, कोणत्या दिशेला कुठवर जावयाचे, अंथरूण-बिछाना किती, याची गणती सकाळी मनाशी ठरवावयाची आणि संध्याकाळी पडताळून पाहावयाची. बाबूजींनी पत्नीच्या निधनानंतर वर्षाची मर्यादाही लिहून ठेवली होती. वस्त्रांचे अकरा नग. पादत्राणे दोन जोड. सोने बोटातील अंगठीपुरते. दिशा भारताच्या आत. रेशीम आणि चामडे यांचा त्याग.

सुनेने तिघांना एवढेच सांगितले, “तुमच्या तिन्ही भेटी या वहीच्या बाहेर जातात. भेट घेतली तर नियम मोडेल, नाही घेतली तर तुम्हाला वाईट वाटेल. बाबूजींना कशाला त्या पेचात टाकायचे?”

पन्नास वर्षांत वडिलांनी कोणाकोणाला किती उधारी दिली, हे थोरल्याला तोंडपाठ होते. परंतु वडिलांनी स्वतःवर किती मर्यादा घालून घेतली आहे, हे त्याने कधी विचारले नव्हते. आपल्यापैकी बहुतेकांची स्थिती याहून निराळी नसावी. भेट निवडण्याच्या आधी ही विचारणा झाली पाहिजे.

आगमातील एक गृहस्थ

या संदर्भात श्वेतांबर परंपरेतील सातव्या अंगाची, उपासकदशांग सूत्राची, आठवण होते. त्यात भगवान महावीरांच्या दहा श्रावकांची चरित्रे आहेत आणि पहिला आहे वाणिज्यग्रामचा आनंद. तो गरीब नव्हता. चार कोटी सुवर्ण निधीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात आणि दहा-दहा हजार गाईंची चार गोकुळे, असे त्याचे वैभव वर्णिले आहे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर राखीव निधी, खेळते भांडवल आणि स्थावर-जंगम मालमत्ता, अशी तीन सारखी खाती त्याने ठेवली होती.

या आनंदाने महावीरांजवळ व्रते घेतली तेव्हा संपत्ती टाकून दिली नाही. आहे तेथे रेघ ओढली. याहून अधिक नको, असे ठरविले. नंतर तो बारीक तपशिलात उतरला. दात घासावयास ज्येष्ठमधाची ओली काडी, फळांत एक विशिष्ट आवळा, स्नानास आठ घडे पाणी, नेसावयास वस्त्रांची एक जोडी, अंगावर दागिना म्हणाल तर कुंडले आणि नावाची मुद्रिका. अशा श्रावकाचा वाढदिवस असता तर त्याच्या मुलांना बाजारात काय सापडले असते? काहीच नाही.

परंतु त्याच चरित्रात पुढे एक प्रसंग आहे. चौदा वर्षे व्रतस्थ राहून, पंधरावे वर्ष चालू असता, आनंदाने आप्तमित्रांना बोलावले, त्यांना भोजन दिले आणि त्यांच्या समक्ष थोरल्या मुलाला कुटुंबप्रमुख म्हणून नेमले. आता घरच्या आणि व्यवहाराच्या कामांत कोणी मला विचारू नये, असे सांगून तो पौषधशाळेत धर्मसाधनेस गेला. दिगंबर परंपरेतही आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकाच्या अकरा पायऱ्या सांगितल्या आहेत आणि त्यांतील दहावी अनुमतित्यागाची, म्हणजे संसाराच्या कामांत संमती देणेही सोडण्याची, आहे.

आनंदाला तो दिवस मिळाला, कारण भार उचलण्यास मुलगा तयार होता. वडिलांना देता येण्याजोगी सर्वांत मोठी गोष्ट हीच, की त्यांना निश्चिंतपणे हात मोकळे करता यावेत.

वस्तूच द्यावयाची असेल तर

याचा अर्थ वस्तू देऊच नये असा नव्हे. नियमाच्या आत राहूनही प्रेमाने देता येते. सर्वांत सोपी रीत म्हणजे एक वस्तू आली की एक जावी. झिजलेल्या चपलांच्या जागी कापडी किंवा रबरी चपला, विरलेल्या धोतराच्या जागी सुती धोतर, बैठकीचे नवे आसन, मोठ्या टाइपातील स्वाध्यायाचे पुस्तक, बदललेल्या नंबरचा चष्मा, ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्र, न्हाणीघरात धरावयास भिंतीला लावलेला दांडा. यांतील काही वस्तूंना वाढदिवसाची भेट म्हणताना मुलांना संकोच वाटतो, पण वापर रोजचा होतो.

जिनसेची तपासणीही हवी. घड्याळाचा पट्टा आणि पैशांचे पाकीट बहुधा चामड्याचे असते. नेहमीच्या रेशमासाठी कोसल्यातील जीव उष्णतेने मारला जातो, कारण तो बाहेर पडला तर धागा तुटतो. केकमध्ये अंडे असू शकते. मिठाईवरील चांदीचा वर्ख पूर्वापार जनावराच्या चामड्याच्या पानांत कुटला जात असे, तेव्हा तो कसा तयार झाला हे दुकानदारास विचारून घ्यावे. चौविहार करणाऱ्या वडिलांसाठी रात्री आठ वाजता हॉटेलात मेजवानी ठरविणे म्हणजे पाहुण्यांना जेवू घालून सत्कारमूर्तीला उपाशी बसविणे होय.

रोख रकमेची भेटही वाईट नाही, विशेषतः ज्या वडिलांचे उत्पन्न थांबले आहे त्यांच्यासाठी. मुलाने किंवा मुलीने वडिलांना दिलेल्या रकमेवर, ती कितीही असली तरी, वडिलांना प्राप्तिकर लागत नाही. पुढे मिळणारे व्याज मात्र त्यांचे उत्पन्न धरले जाते. ती रक्कम धनादेशाने द्यावी आणि भेटीचे साधे पत्र फायलीस लावावे. साठी ओलांडलेल्यांसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. तिची कमाल मर्यादा एप्रिल २०२३ पासून ३० लाख रुपये झाली असून व्याज दर तिमाहीस मिळते. दर तीन महिन्यांनी कोणापुढे हात न करता वडिलांच्या खात्यात रक्कम जमा होणे, यात मानही आहे.

पत्र्याची पेटी

बाबूजींना मात्र पैशांची वाण नव्हती. त्यांना काय हवे होते, तेही सुनेच्याच ध्यानात आले. पंचाहत्तरीतही ते रोज साडेनऊला गादीवर जाऊन बसत. लोकांना वाटे, दुकानाची ओढ. एका संध्याकाळी प्रतिक्रमण आटोपल्यावर ते सहज बोलून गेले होते, “सगळा हिशेब माझ्या डोळ्यांसमोर झाला असता, तर स्थानकात मन लागले असते.”

त्यांच्या पलंगाखाली पत्र्याची एक पेटी होती. तीन बँका आणि दोन पतसंस्थांच्या ठेवींच्या पावत्या, गाळ्याचे कागद, घराचा उतारा, काही हातउसने दिल्याच्या चिठ्ठ्या. बहुतेक पावत्यांवर नॉमिनी म्हणून दिवंगत पत्नीचे नाव तसेच राहिले होते. घराचा उतारा अजून बाबूजींच्या वडिलांच्या नावावर होता. आणि कागदावर नसलेल्या गोष्टी याहून जड होत्या. धाकट्याने २०११ साली पुण्यात सदनिका घेतली, तेव्हा दुकानातून अठरा लाखांची उचल झाली होती. ती परत आली नव्हती आणि कोणी मागितलीही नव्हती. थोरल्याने वीस वर्षे दुकान सांभाळले, त्याचा मोबदला कधी ठरला नव्हता. मुलीचा विषय तर कोणी काढतच नसे. भाऊबीजेचे पाकीट दिले की तो मिटला, असे गृहीत धरले होते.

भाऊ भांडत नव्हते. पण वडील असेपर्यंतच हे असे राहील, ही भीती बाबूजींना होती. यार्डातील तीन नामांकित पेढ्या मालकाच्या तेराव्यानंतर वर्षभरात कोर्टात गेलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. ते रोज गादीवर बसत, ते या भीतीपोटी.

सुनेने हे नणंदेला सांगितले, नणंदेने दोघा भावांना. धाकटा फोनवर काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “ताई, अठरा लाखांचा विषय मीच काढतो. दादाने काढायची वेळ यायला नको.”

दोन दिवस

नागपंचमीच्या आधीच्या शनिवारी तिघे घरी जमले. पेटी उघडली आणि बाबूजींना मध्ये बसवून एकेक कागद वाचला गेला. एका कोऱ्या वहीत तीन रकाने पाडले: काय आहे, कोठे आहे, कोणाच्या नावावर आहे.

अशा बैठकीत पुढील बाबी प्रत्येक घराने तपासाव्यात. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बँक त्याच्या हाती रक्कम देते, ती सर्व वारसांच्या वतीने. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतील ठेवीस चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात आणि प्रत्येकाचा हिस्साही लिहिता येतो, तेव्हा दिवंगत व्यक्तीचे नाव तसेच ठेवण्यास कारण उरत नाही. बँकेतील ठेवीला प्रत्येक बँकेमागे प्रत्येक ठेवीदारास पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतील ठेवीला तो नाही. आपल्या भागातील व्यापारी घरांनी हा फरक विसरू नये. दहा वर्षे कोणी न विचारलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होतात. वारसांचा हक्क बुडत नाही, आणि रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर अशा ठेवींचा शोध घेता येतो. परंतु शोधण्याची वेळ येऊ न देणे बरे.

मृत्युपत्र करणे अशुभ आहे, ही समजूत घराघरांत आहे. वास्तविक तो साध्या कागदावर लिहिता येणारा दस्त आहे. त्यास मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. जैन कुटुंबांना हिंदू वारसा कायदाच लागू आहे आणि ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. बहिणीने हक्क सोडावयाचा की नाही, हा तिचा निर्णय आहे. तिला न विचारता तयार ठेवलेले हक्कसोडपत्र म्हणजे रीत नव्हे.

बाबूजींच्या घरी हा विषय निघाला तेव्हा मुलगी म्हणाली, “मला दुकानातले काही नको. आईच्या नावाच्या ठेवी आहेत, त्या माझ्या नावे झाल्या तर मला आवडेल.” इतकी वर्षे तिला कोणी विचारलेच नव्हते, म्हणून हे साधे उत्तरही कोणाला ठाऊक नव्हते. धाकट्याने ठरविल्याप्रमाणे उचलीची गोष्ट स्वतः काढली. थोरला म्हणाला, व्याज नको. बाबूजींनी दोघांकडे पाहिले आणि पन्नास वर्षांच्या सवयीने निवाडा दिला. ती रक्कम धाकट्याच्या हिश्श्यातून वळती व्हावी, व्याज धरू नये, आणि थोरल्याच्या वीस वर्षांच्या कामापोटी गादी व गाळा त्याचा समजावा. घर तिघांचे राहावे. हे सारे वहीत लिहिले गेले. मृत्युपत्राचा मसुदा वकिलांकडून करून घेण्याचे ठरले. एका जुन्या चिठ्ठीवरून थोडी बोलाचालीही झाली. थोरला तावातावाने उठून ओसरीवर गेला आणि पाणी पिऊन परत आला. असे व्हावयाचेच. बाबूजी समोर होते म्हणून ते पाण्याच्या एका भांड्यावर मिटले. पाच वर्षांनी, ते नसताना, तेच बोलणे वकिलाच्या कचेरीत गेले असते.

नागपंचमीची सकाळ

तिथीच्या दिवशी पहाटे घरातील सारे जण स्थानकात गेले. चातुर्मासासाठी साध्वीजी विराजमान होत्या. दोघे मुलगे, मुलगी, सुना, जावई आणि नातवंडे बाबूजींच्या मागे आसने टाकून सामायिकास बसली. सामायिकाचा काळ अठ्ठेचाळीस मिनिटांचा. एवढा वेळ धाकट्याचा फोन बंद राहिल्याचे घरात कोणाच्या स्मरणात नव्हते. परतताना पांजरापोळात वर्षभराच्या चाऱ्यासाठी देणगी दिली. जी रक्कम साखळीला लागली असती, तिचाच तो एक भाग होता. जेवणे सूर्यास्ताच्या आत आटोपली. ताटात पुरणपोळी होती, आणि बाबूजींची त्या दिवसाची द्रव्ये मोजून वाढलेली होती.

जेवणानंतर नातवाने लाल कापडात गुंडाळलेली एक वस्तू त्यांच्या हातात दिली. ती तीन रकान्यांची वही होती, नव्याने स्वच्छ अक्षरात लिहिलेली. शेवटच्या पानावर तिघांच्या सह्या होत्या आणि खाली थोरल्याच्या हातची एक ओळ होती की नागपंचमीपासून यार्डाचे सर्व व्यवहार तो पाहील आणि बाबूजींना विचारावयाचे ते केवळ त्यांची इच्छा असेल तेव्हाच.

बाबूजींनी चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वही वाचली. बेरजा तपासल्या. मग सवयीप्रमाणे विचारले, “केवढ्याला पडले?”

थोरला म्हणाला, “दोन दिवस दुकान बंद राहिले, बाबूजी. तेवढ्यालाच.”

त्यांनी वही मिटली, कापडात पुन्हा गुंडाळली आणि उशाजवळच्या छोट्या वहीशेजारी ठेवली. याची काय गरज होती, हा दुसरा प्रश्न त्या दिवशी त्यांनी विचारला नाही. दुसऱ्या दिवशी साडेनऊ वाजता ते स्थानकात होते.